वसाहतीचा नकाशा कुणाच्या कपाटात आहे?

म्हाडा वसाहतीतल्या कुठल्याही सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ, किती? दुसरा, भाडं किती. तिसरा, कॉर्पस, म्हणजे पुढच्या देखभालीसाठी विकासकाने द्यायची ठेव, किती. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पावणेदोनशे-सव्वादोनशे चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसाने आधी हेच विचारायला हवं. पण गल्लीतली मलवाहिनी किती व्यासाची आहे आणि ती पुढे कुठल्या चेंबरला मिळते, हे सभेत कुणी विचारत नाही. ताबा मिळाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात मात्र सगळे तेच विचारतात, तेही तळमजल्यावरच्या दुकानदाराच्या तोंडून.

मुंबईच्या उपनगरांत विक्रोळीचं कन्नमवार नगर नि टागोर नगर, घाटकोपरचं पंतनगर, चेंबूरचं टिळक नगर, कुर्ल्याचं नेहरू नगर अशा वसाहतींत गेली दीड दशकं जे चाललंय, त्याला आपण ‘वसाहतीचा पुनर्विकास’ म्हणतो. हा शब्द चुकीचा आहे. पुनर्विकास होतोय तो सुट्या इमारतींचा. वसाहत म्हणून जे काही होतं, म्हणजे रस्ते, मैदान, गटारं, दोन इमारतींमधली जागा, शाळा-दवाखान्याचे भूखंड, त्याकडे बघणारं कुणी उरलेलं नाही. म्हाडाने हे काम परत हाती घ्यावं आणि इमारती कुणाकडून बांधून घ्यायच्या ते सोसायट्यांना ठरवू द्यावं, असं या लेखाचं म्हणणं आहे. सध्या नेमकं उलट होताना दिसतं.

या वसाहती मुळात कशा उभ्या राहिल्या ते आधी पाहू. १९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ स्थापन झालं. १९५२ मध्ये केंद्राची औद्योगिक कामगारांसाठीची अनुदानित गृहयोजना आली. लालबहादूर शास्त्री मार्गालगत कारखाने उभे राहत होते, त्यांतल्या कामगाराला परवडेल असं भाड्याचं घर द्यायचं, हा हेतू. आज ज्याला आपण उपनगर म्हणतो तिथे तेव्हा शेतं, मिठागरं आणि खाजण होतं. मंडळाने जमीन घेतली, भर टाकली आणि आधी अभिन्यास आखला, म्हणजे लेआउट. रस्त्यांची जाळी, प्रत्येक गटाला मैदान, बाजाराची जागा, प्राथमिक शाळा, समाजमंदिर. त्यानंतर तळ अधिक तीन मजल्यांच्या, एका साच्याच्या इमारती. गोरेगावच्या मोतीलाल नगरात तर बैठी घरं. पुढे अत्यल्प, अल्प, मध्यम, उच्च असे उत्पन्न गट पडले, पण अभिन्यासाची शिस्त तीच राहिली.

घरं लहान होती, हे मान्यच. पण खोली लहान असण्याची भरपाई बाहेर होती. जिन्याखाली सायकली, इमारतीमागे कपडे वाळत घालायला तारा, समोर क्रिकेट, गणपतीच्या मांडवाला चौक, लग्नाच्या पंगतीला गच्ची आणि अंगण. खोलीतल्या पाच माणसांपैकी दोन-तीन माणसं दिवसाचे बरेच तास बाहेर काढतील असं गृहीत धरूनच ती खोली चालत होती. बाहेर पुरेशी जागा होती म्हणून लोक त्या खोल्यांत राहू शकले.

१९७७ मध्ये राज्यातली वेगवेगळी मंडळं एकत्र करून म्हाडा झाली. हळूहळू भाडेकरूंना भाडे-खरेदीने घरं मालकीची झाली, सोसायट्या नोंदवल्या गेल्या आणि अभिहस्तांतरण झालं. आजच्या बहुतेक भानगडींचं मूळ इथे आहे. सोसायटीला विक्रीखताने मिळाली ती इमारत. जमीन मिळाली भाडेपट्ट्याने. तीही इमारतीखालची आणि तिला लागून मोजकीच. भाडेपट्ट्याच्या रेषेबाहेरचं जे तुकडे-तुकडे उरलं, त्याला म्हाडाच्या कार्यालयात आजही ‘टिट-बिट’ म्हणतात. पेरूचं झाड, पाण्याची टाकी, मुलांची घसरगुंडी हे सगळं बहुधा टिट-बिटवर असतं. ती जागा सोसायटीच्या वापरात, म्हाडाच्या मालकीची, आणि देखभालीच्या बाबतीत कुणाचीच नाही.

अंतर्गत रस्ते आणि वाहिन्यांचंही तेच. त्या महापालिकेकडे रीतसर हस्तांतरित झाल्या की नाहीत यावर दोन कार्यालयं एकमेकांना पत्रं लिहीत राहतात आणि चेंबर तुंबला की रहिवासी वर्गणी काढून खाजगी माणूस बोलावतात. सेवाशुल्काचा वाद तर ५६ वसाहतींत वर्षानुवर्षं चालला. १९९८ पासून वाढवलेलं शुल्क थकत गेलं आणि अखेर सरकारला त्यातून वाट काढावी लागली. सामाईक गोष्टीचा पैसा कुणी द्यायचा याचा निकाल या वसाहतींत कधीच लागलेला नव्हता. तो लागायच्या आतच वरून टॉवर आले.

दरम्यान इमारती म्हाताऱ्या झाल्या. खाडीजवळची खारी हवा, सळईवरचं पातळ काँक्रीट कव्हर आणि गच्चीवरच्या गळतीने आतली सळई गंजते. गंजलेली सळई फुगते, काँक्रीट फोडते आणि छताचा पोपडा पाळण्यात पडतो. तीस वर्षं ओलांडलेल्या इमारतीला महापालिका अधिनियमाच्या ३५३-ब कलमाखाली संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. तीत अल्ट्रासोनिक चाचणीत ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली आला तर काँक्रीट संशयास्पद. अर्ध-घट चाचणीत विभव उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेला तर सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. ही आकडेवारी सभासदांनी स्वतः वाचायला शिकावं. ‘सी-१’ म्हणजे रिकामी करून पाडायची. ‘सी-२’ म्हणजे दुरुस्तीने वाचणारी. काही अहवालांत चाचण्या सी-२ सांगतात आणि शेवटच्या पानावर शिक्का सी-१ चा असतो. अशा वेळी अहवाल कुणी मागवला आणि बिल कुणी भरलं, तेवढं बघावं.

आता हिशेबाकडे येऊ, कारण सगळं राजकारण त्यात आहे. विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(५) या कलमाने म्हाडाच्या अभिन्यासांचा पुनर्विकास होतो. २००८ मध्ये चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल तो आकडा, अडीच केला गेला आणि विकासकांची रांग लागली. २०१० मध्ये सरकारने धोरण बदललं : अधिमूल्य, म्हणजे जादा बांधकामाचे पैसे, घेऊन चटईक्षेत्र द्यायचं नाही, विकासकाने म्हाडाला घरंच द्यायची. हेतू चांगला होता, सोडतीला घरं मिळाली असती. पण लहान भूखंडांवर गणित बसेना, कामं ठप्प झाली. रिकाम्या केलेल्या इमारतींचे रहिवासी भाड्याच्या घरांत अडकले. २०१३ मध्ये निर्देशांक ३ झाला, तरी गाडी सुरू झाली ती जुलै २०१७ मध्ये अधिमूल्याचा पर्याय परत आल्यावर. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नियमावलीत तेच सूत्र कायम आहे : सर्वसाधारणपणे ३, भूखंड ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा आणि रस्ता १८ मीटरचा असेल तर ४, आणि वरचा एक म्हाडाबरोबर वाटून घ्यायचा.

एक नमुना मांडू. भूखंड ९०० चौरस मीटर, जुने गाळे ४०, प्रत्येकी २२५ चौरस फूट म्हणजे सुमारे २१ चौरस मीटर. नियमाने जुन्या क्षेत्रफळावर ३५ टक्के वाढ, पण किमान ३५ चौरस मीटर. २१ ची वाढून २८ होतात, म्हणून किमान मर्यादा लागू : ३५. त्यावर ३५ टक्के फंजिबल (निर्देशांकाबाहेरचं वाढीव बांधकाम), म्हणजे ४७.२५ चौरस मीटर. ५०८ चौरस फूट. हा हक्क. आता एकूण बांधकाम : ९०० गुणिले ३ म्हणजे २,७००, फंजिबलसह ३,६४५. चाळीस घरांचं कार्पेट १,८९०. भिंती, मार्गिका वगैरे धरून ढोबळ १० टक्के वाढवले तर २,०७९. विक्रीला उरले १,५६६ चौरस मीटर. ६० मीटरची धरली तर २६ घरं.

आता स्पर्धक विकासक येतो आणि सांगतो, ‘मी ६०० फूट देतो.’ टाळ्या पडतात. ६०० फूट म्हणजे ५५.७ मीटर. चाळीस घरांना मिळून, भिंतींसकट, आणखी सुमारे ३७० मीटर लागणार. विक्रीचे १,५६६ चे ११९५ च्या आसपास येतात. जवळपास चौथाई उत्पन्न गेलं. म्हाडाचं अधिमूल्य, पालिकेची शुल्कं, तीन-चार वर्षांचं भाडं, व्याज यांतलं काहीच कमी झालेलं नाही. मग हा खड्डा तो कशाने भरणार? दोन लिफ्टच्या जागी दीड (म्हणजे एक मोठी, एक स्ट्रेचर न मावणारी), पोडियमच्या (खालच्या मजल्यांवरच्या) पार्किंगऐवजी खड्ड्यातलं यांत्रिक पार्किंग, बाजूच्या मोकळ्या जागेत सवलत मागणं, आणि सगळ्यात शेवटचा उपाय म्हणजे काम अर्ध्यावर सोडून अजून एक भागीदार शोधणं. जास्तीच्या फुटांचे पैसे सभासद शेवटी या ना त्या वाटेने स्वतःच भरतात.

यातली एक गोष्ट सहसा सभेत कळत नाही. सोसायटीच्या भाडेपट्ट्यातल्या जमिनीवरचा निर्देशांक हा एक भाग. त्याशिवाय अभिन्यासातल्या मैदानांचा, रस्त्यांचा, न वापरलेल्या जागांचा बांधकाम-हक्क गाळ्यांच्या संख्येप्रमाणे वाटून मिळतो. त्याला प्रोराटा म्हणतात. कागदावर पाहिलं तर न्याय्य वाटतं. प्रत्यक्षात मैदान जागेवर राहतं, त्याचं चटईक्षेत्र शेजारच्या टॉवरमध्ये जातं, आणि त्या मैदानावर हक्क सांगणारी कुटुंबं दीडपट-दुप्पट होतात. म्हणजे मैदानाला हात न लावताही ते खर्ची पडतं.

पुढे बघा. भूखंड मोठा असेल तर अभिन्यासांतर्गत मोकळी जागा सोडावी लागते. हजार चौरस मीटरच्या वर १५ टक्के, अडीच हजारांच्या वर २०, दहा हजारांच्या वर २५, अशी ती चढती टक्केवारी १९९१ च्या नियमावलीपासून चालत आलेली आहे. आपल्या नमुन्यातला भूखंड ९०० चा. त्याला काहीच सोडावं लागत नाही. शंभर सोसायट्यांनी एकेकट्याने पुनर्विकास केला तर मिळून नऊ हेक्टर जमीन नव्याने बांधली जाते आणि तिच्यात एक नवं अंगण होत नाही. नियम कुणीच मोडलेला नसतो. तुकडे करून बघितलं की प्रत्येक तुकडा नियमातच बसतो, ही या पद्धतीची मेख आहे.

गटारांचं गणित तर साधं बेरजेचं आहे. जुन्या इमारतीत ४० घरं, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर : दिवसाला २७,००० लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के मलवाहिनीत. नव्या इमारतीत ६६ घरं, घरटी साडेचार माणसं : सुमारे ४०,००० लिटर. एका इमारतीने फरक पडत नाही. एका गल्लीला वीस इमारती असतील तर दिवसाला अडीच लाख लिटरहून जास्त पाणी वाढतं, आणि पाइप तोच, चिनी मातीचा, साठ वर्षांत जागोजागी बसलेला. उतार मोडला की वाहण्याचा वेग कमी होतो, गाळ तळाशी बसतो.

त्यात बांधकामाच्या काळात भर पडते. पायलिंगच्या वेळी खड्ड्यातलं पाणी उपसून रस्त्याकडेच्या चेंबरमध्ये सोडतात. मिक्सर नि पंप धुतलेलं सिमेंटचं पाणीही तिथेच. दुसऱ्या दिवशी चेंबरच्या तळाला दगड झालेला असतो. तो फोडायला छिन्नी लागते, आणि फोडताना पाइपचं तोंड फुटतं. तुंबलेलं पाणी वर येतं ते विकासकाच्या साइटवर नव्हे, शेजारच्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. यावर उपाय स्वस्त आहे : काम सुरू व्हायच्या आधी गल्लीतल्या वाहिनीचं कॅमेऱ्याने चित्रीकरण, साइटवर गाळ-सापळा, विकासकाकडून अनामत, आणि भोगवटा प्रमाणपत्राआधी पुन्हा चित्रीकरण. पण हे मागायला सोसायटीला गल्लीचा अधिकार नाही, आणि ज्याला आहे तो मागत नाही.

जोत्याचा प्रकारही असाच. नवी इमारत रस्त्यापेक्षा दीड-दोन फूट वर जोतं घेते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिल्यावर कोण नाही घेणार? मग तिच्यासमोरचा रस्ताही डांबराच्या थरांनी चढतो. रांगेत जी इमारत अजून जुनी आहे ती वाटीच्या तळाशी जाते. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होती, ब्रिमस्टोवॅड या पर्जन्यवाहिनी सुधारणा प्रकल्पाने ती ५० वर न्यायचं ठरवलं. पण नाल्याचं तोंड कितीही रुंद केलं तरी गल्लीचा उतार उलटा झाला असेल तर पाणी नाल्यापर्यंत पोचतच नाही. कन्नमवार नगरासारख्या खाडीकडच्या वसाहतीत भरतीच्या वेळी तर तोंडच बंद. गल्लीची पातळी कुठल्या बिंदूपासून मोजायची, हे इमारत-इमारत ठरवून चालत नाही. ती अभिन्यासाच्या नकाशावर एकदाच ठरवावी लागते.

म्हणूनच बरेच जण म्हणतात, एकल इमारतीचा नाद सोडा, अख्खी वसाहत एकाच विकासकाला द्या. मोतीलाल नगर हे त्याचं ताजं उदाहरण. सुमारे १४० एकरांची वसाहत, साडेतीन हजारांहून अधिक गाळे, मूळ घर २३० चौरस फुटांचं. म्हाडाने स्वतः प्रकल्प हाती घेतला, उच्च न्यायालयात लढा झाला, निविदा निघाली आणि २०२५ मध्ये अदानी समूहाशी करार झाला. रहिवाशांना १,६०० चौरस फूट बांधीव क्षेत्राचं घर मिळणार. आकडा डोळे दिपवणारा आहे (बांधीव, कार्पेट नव्हे, हे पुन्हा वाचावं), आणि नियोजनाच्या दृष्टीने यात तथ्य आहे : रस्ते, मैदान, मलप्रक्रिया एकदम आखता येतात.

पण एका हातात सगळं दिलं की काय होऊ शकतं हेही गोरेगावातच दिसलं. सिद्धार्थ नगर, म्हणजे पत्राचाळ. ६७२ कुटुंबं, ४७ एकर, २००८ चा त्रिपक्षीय करार. मूळ रहिवाशांची घरं उभी राहण्याआधी विक्रीचे हक्क इतर विकासकांना विकले गेले, भाडी थांबली, २०१८ मध्ये म्हाडाने विकासकाला काढलं आणि २०२२ मध्ये उरलेलं काम स्वतः सुरू केलं. चौदा वर्षं. शहाणी, शिकलेली, संघटित माणसं होती ती. त्यांची चूक एवढीच की विकासक बदलायची ताकद त्यांच्याकडे उरली नव्हती, कारण घरं तर पाडून झाली होती आणि प्रकल्प इतका मोठा की दुसरा कुणी पुढे येईना. चाळीस गाळ्यांची सोसायटी फसली तर निदान दुसरा कंत्राटदार मिळतो.

तेव्हा प्रश्न ‘एकल की समूह’ असा मांडणंच चुकतं. अभिन्यास आखणं आणि इमारत बांधणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं सार्वजनिक आहे आणि ते एकाच हाताने व्हायला हवं. दुसरं लहान तुकड्यांतच सुरक्षित राहतं. १९५० च्या दशकात मंडळाने दोन्ही केली. आज दुसरं विकासकाकडे गेलं आणि त्याच्याबरोबर पहिलंही वाहून गेलं.

म्हाडाकडे साधनं नाहीत असं म्हणता येणार नाही. मे २०१८ पासून आपल्या अभिन्यासांसाठी ती स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे. देकारपत्र तीच देते, अधिमूल्य तीच घेते, ना हरकत तीच देते आणि बांधकाम परवानगीही आता तिच्याच कक्षातून निघते. जिथे चार सह्या एकाच छताखाली होतात, तिथे ‘आधी गल्लीची वाहिनी, मग जोत्याच्या वरची परवानगी’ अशी अट घालायला नवा कायदा लागत नाही. लागतो तो पैसा, आणि तो अधिमूल्यात आहे. ज्या वसाहतीतून अधिमूल्य आलं त्याचा ठरावीक हिस्सा त्याच वसाहतीच्या स्वतंत्र खात्यात, आणि त्या खात्याचा हिशेब फलकावर. विकासकांना याचा राग येणार नाही; चांगल्या रस्त्यावरच्या सदनिका जास्त भावाने जातात हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळतं.

मग सोसायट्यांनी पाच-सहांच्या गटाने पुढे यावं. नियमावलीत त्याला बक्षीस आहेच : भूखंड ४,००० मीटरच्या वर गेला की रहिवाशाला जुन्या क्षेत्रफळाच्या १५ टक्के वाढीव हक्क, दोन हेक्टरच्या वर २५, पाचच्या वर ३५, दहाच्या वर ४५. तरी लोक एकत्र येत नाहीत. त्याला नेहमी ‘मराठी माणसाची भांडणं’ हे कारण दिलं जातं. आम्हाला ते पटत नाही. खरं कारण रुक्ष आहे. चारचा निर्देशांक हवा तर रस्ता १८ मीटरचा लागतो आणि वसाहतीतले बरेच रस्ते त्याहून अरुंद आहेत. पाच सोसायट्या कितीही गुण्यागोविंदाने नांदल्या तरी रस्ता रुंद करणं त्यांच्या हातात नाही. तो अभिन्यास बदलून म्हाडानेच करायचा. दुसरं, पाचपैकी एक सी-१ असते, बाकीच्या चार अजून दहा वर्षं काढू शकतात. पहिलीला घाई, चौघींना नाही. अभिन्यासाचा आराखडा आधी जाहीर असेल, कुठली इमारत कुठल्या गटात आणि कुठल्या वर्षी हे ठरलेलं असेल, तर सी-१ मधल्या लोकांना त्याच वसाहतीत म्हाडाच्या घरांत तात्पुरतं ठेवता येईल. कन्नमवार नगरात म्हाडाने सोडतीसाठी घरं बांधलीच आहेत. त्यांतली थोडी फिरत्या वापरासाठी राखणं अशक्य नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे : आराखड्याची वाट बघेपर्यंत स्लॅब डोक्यावर पडेल, आणि सरकारी आराखडा म्हणजे किती वर्षं हे काय सांगायला हवं? म्हणून मुदत हवी. सी-१ इमारतींना आराखड्यासाठी थांबवू नये; त्यांना फक्त जोत्याची पातळी, वाहिनीची जोडणी आणि रस्त्याची रेषा या तीन गोष्टी लिहून द्याव्यात. एवढं ठरवायला सर्वेक्षकाला महिने लागतात, वर्षं नाहीत.

सोसायटीच्या पातळीवरही करण्यासारखं बरंच आहे. सहकार कायद्याच्या ७९-अ खालची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात : सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती, विकासकाकडून प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमी. हमीचा मुद्दा आला की विकासक हसून सांगतो, ‘एवढी कोण देतं हो?’ आणि समिती तो सोडून देते. सोडू नये, फार तर टप्प्याटप्प्याने कमी होणारी घ्यावी. घर रिकामं करण्याआधी प्रत्येक सभासदाचा पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत झालेला हवा. महारेराची नोंदणी विक्रीच्या खरेदीदारासाठी असते, मूळ रहिवाशाला ती तशी कवच देत नाही. त्याचं कवच तो करारच. भाड्याचे ११ महिन्यांचे धनादेश हातात आहेत म्हणून निर्धास्त होऊ नये. प्रकल्प अडकतात ते बाराव्या महिन्यानंतर.

स्वयंपुनर्विकासाचा, म्हणजे विकासकाशिवाय सोसायटीने स्वतः बांधण्याचा, पर्याय सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने रीतसर खुला झाला. विकासकाचा नफा वाचतो हे खरं. पण मग विक्रीच्या २६ घरांचा बाजार, व्याजाचा हप्ता, कंत्राटदाराच्या बिलाची मोजणी हे सगळं समितीच्या अंगावर येतं. ज्या सोसायटीचा हिशेबतपासणी अहवाल वेळेवर होत नाही तिने या वाटेला जाऊ नये. ज्यांचा होतो, त्यांनी जरूर जावं.

आणि ताब्यानंतरचा महिना. जुन्या इमारतीचा सामाईक खर्च म्हणजे जिन्यातला दिवा, पंप आणि सफाईवाला. नव्या बावीस मजल्यांत लिफ्ट, अग्निशमन पंप, जनरेटर, यांत्रिक पार्किंग. या पार्किंगच्या खड्ड्यात पावसाचं पाणी शिरतं, सेन्सर जातात, साखळी गंजते, आणि वार्षिक देखभाल करार थकला की गाड्या रस्त्यावर येतात. धरा, कॉर्पस घरटी तीन लाख मिळाला आणि साडेसहा टक्क्यांनी ठेवला : महिन्याला १,६२५ रुपये व्याज. देखभाल चार हजार आली तर उरलेले २,३७५ निवृत्त माणसाने पेन्शनमधून काढायचे. बरेच जण दोन-तीन वर्षं काढतात, मग घर भाड्याने देऊन बदलापूर-टिटवाळ्याला जातात. शंभर फूट जास्त मागण्यापेक्षा एक यांत्रिक यंत्रणा कमी मागणं आणि कॉर्पस सोसायटीच्या नावे कुलूपबंद ठेवणं, हा सौदा वाईट नाही. सभेत तो कुणी मांडला की त्याला विकासकाचा माणूस ठरवतात, ते वेगळं.

तर पुढच्या सभेच्या आधी एक काम. वसाहतीचा मंजूर अभिन्यास मुंबई मंडळाच्या मिळकत व्यवस्थापकाच्या नाहीतर वास्तुशास्त्रज्ञाच्या कार्यालयात, कुठल्या तरी कपाटात आहे. माहितीच्या अधिकाराखाली तो मागावा. सोबत मागावं : आपल्या भाडेपट्ट्याची हद्द आणि तिच्याबाहेरचे टिट-बिट तुकडे, अभिन्यासाचं शिल्लक चटईक्षेत्र आणि आजवर कुणाला किती प्रोराटा दिला, समोरच्या रस्त्याची मंजूर रुंदी आणि प्रत्यक्षातली रुंदी, मलवाहिनीचा व्यास नि उतार, मैदान कुणाच्या ताब्यात आहे, आणि या वसाहतीतून आजवर किती अधिमूल्य जमा झालं. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जाचं शुल्क १० रुपये.